‘निब’ने संपणारी औषधं नेमकं काय करतात?

इमॅटिनिब रक्ताच्या कर्करोगावर, ऑसिमर्टिनिब फुप्फुसाच्या. टोफासिटिनिब आमवातावर. बॅरिसिटिनिब आमवातावर आणि डोक्यावर चाई पडते तिच्यावरही, शिवाय कोविडच्या काळात ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांनाही तेच दिलं गेलं. नावांचा शेवट सारखा, आजारांचा मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नाही. अशी गोळी सुरू झाली की घरातलं कुणीतरी नाव इंटरनेटवर शोधतं, त्याच घराण्यातली बाकीची औषधं कॅन्सरवरची निघतात, आणि मग धास्ती बसते. सांधे आखडतात म्हणून गेलो होतो, डॉक्टरांनी हे काय दिलं?

घराणं एक आहे हे खरंच. ही सगळी औषधं शरीरातल्या एकाच जातीच्या प्रथिनांना अडवतात. त्या प्रथिनांना कायनेज म्हणतात आणि त्यांना अडवणाऱ्या औषधांना कायनेज इनहिबिटर. पण अडवणं हा या धंद्यातला सोपा भाग. खरी डोकेफोड आहे ती हवं तेवढंच अडवून बाकीच्यांना हात न लावण्याची. ती कितपत जमली यावर ठरतं की औषध जीवघेण्या आजारापुरतं ठेवायचं की वर्षानुवर्षं दुखणाऱ्या सांध्यांसाठीही द्यायचं.

### कायनेज म्हणजे काय?

पेशीतली बहुतेक कामं प्रथिनं करतात. एखाद्या प्रथिनाला कामाला लावायचं किंवा थांबवायचं असेल, तर दर वेळी नवं प्रथिन घडवत बसणं पेशीला परवडत नाही. ती आहे त्याच प्रथिनावर एक फॉस्फेट चिकटवते. फॉस्फेट हा फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या अणूंचा लहानसा गट. आकाराने किरकोळ, पण त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. तो भार येऊन बसला की प्रथिनाची घडी बदलते आणि ते जागं तरी होतं किंवा झोपी तरी जातं. फॉस्फेट चिकटवण्याचं हे काम करणारं एन्झाइम म्हणजे कायनेज. चिकटवलेलं काढून टाकणारी वेगळी एन्झाइमं असतात, म्हणून हा सगळा व्यवहार मागे फिरवता येतो.

१९५०च्या दशकात एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना स्नायूंमध्ये हा प्रकार सापडला. त्यासाठी नोबेल मात्र १९९२ साली मिळालं, कारण हे प्रकरण किती दूरवर पोचलेलं आहे हे कळायलाच मधली वर्षं गेली. कर्करोगाच्या औषधांकडे नेणारा धागा सापडला तो १९७९मध्ये. संशोधक टोनी हंटर यांनी प्रयोगात जुनं झालेलं द्रावण वापरलं. त्याची आम्लता बदललेली होती, आणि नेमक्या त्यामुळे फॉस्फेट लागलेल्या घटकांचे, एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले. फॉस्फेट टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावरही, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या त्या कडीवरही, बसतं हे तेव्हा कळलं. ताजं द्रावण वापरलं असतं तर तो ठिपका त्या दिवशी तरी दिसला नसता. आज वापरात असलेली बरीच ‘निब’ औषधं या टायरोसिनवाल्या कायनेजांवरच चालतात.

माणसाच्या जनुकसंचाची मोजणी झाल्यावर २००२ साली यादी तयार झाली. त्यात ५१८ कायनेजं निघाली. पेशीने वाढायचं कधी, विभागायचं कधी, मरायचं कधी, आणि बाहेरून जंतू आल्याचा निरोप आत कसा पोचवायचा, या सगळ्यात त्यांचा हात असतो.

### बिघाड कुठे होतो?

कर्करोगात अनेकदा कायनेजच बिघडलेलं असतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले आहेत. या अदलाबदलीत एबल नावाच्या कायनेजचं जनुक बीसीआर या भलत्याच जनुकाला जाऊन चिकटतं. त्यातून तयार होणारं जोडप्रथिन, बीसीआर-एबल, बंद व्हायचंच विसरतं. ‘वाढा, विभागा’ हा आदेश अखंड चालू राहतो आणि रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर येतो.

आमवात, सोरायसिस किंवा चाई यांत गोष्ट वेगळी असते. तिथलं कायनेज सहसा धडधाकट असतं. चूक वरच्या पायरीवर होते. रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडून एकमेकींना इशारे देतात, आणि या आजारांत ते इशारे गरज नसताना सुटत राहतात. कायनेज बिचारं आलेला निरोप इमानेइतबारे आत पोचवतं. म्हणजे इथे आपण गुन्हेगाराला पकडत नाही, निरोप्याला अडवतो. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

### पाचशे सारख्यांतून एकच कसं गाठायचं?

कायनेजला फॉस्फेट लागतं ते एटीपी या रेणूकडून मिळतं. एटीपी बसण्यासाठी प्रत्येक कायनेजमध्ये एक खाच असते. त्या खाचेत दुसरंच काही नेऊन बसवलं की काम थांबतं. कल्पना एवढीच. अडचण ही की सगळी कायनेजं एकाच एटीपीवर चालतात, त्यामुळे खाचही सगळ्यांची जवळजवळ सारखी. मोबाइल, कॅमेरा, स्पीकर, सगळ्यांना एकच चार्जिंगची पिन बसते तसं हे आहे. त्या भोकात बसेल असं बूच बनवणं सोपं, पण शेजारच्या पाचशे उपकरणांत न बसता एकाच उपकरणात बसेल असं बूच बनवायचं म्हणजे भोकाकडे नाही, भोकाच्या आजूबाजूच्या घडणीकडे पाहावं लागतं.

सगळ्यात बसणारं बूच निसर्गाने आधीच बनवलेलं होतं. १९७७ साली जपानमध्ये एका सूक्ष्मजंतूतून स्टॉरोस्पोरिन हा रेणू वेगळा काढला गेला. तो दिसेल ते कायनेज अडवतो. प्रयोगशाळेत त्याचा उपयोग मोठा, कारण पेशी मारायच्या असतील तर तो हमखास मारतो. औषध म्हणून मात्र तो जसाच्या तसा देण्यासारखा नाही. त्यामुळे बराच काळ अनेक शास्त्रज्ञांचं ठाम मत होतं की हा नाद सोडावा. एक तर सगळ्या खाचा सारख्या, आणि वर पेशीत एटीपी इतकं मुबलक की औषधाला साधारण हजारपट गर्दीतून वाट काढून जागा पटकवावी लागते.

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त खाचेच्या मागच्या बाजूला काय आहे, हे तेव्हा नीट दिसलेलं नव्हतं.

### इमॅटिनिब कसं घडलं?

स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमान आणि त्यांचे सहकारी यांच्या हाती एक साधासा रेणू होता. तो पीकेसी नावाच्या दुसऱ्याच कायनेजला अडवायचा. त्यांनी त्याच्या एका टोकाला अमाइड गट जोडला, तर तो टायरोसिन कायनेजांनाही अडवू लागला. मग रेणूच्या मधल्या कड्याजवळ एक मेथिल गट बसवला. मेथिल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, रसायनशास्त्रात याहून क्षुल्लक भर नसावी. पण त्या एवढ्याशा गाठीमुळे रेणूला एका विशिष्ट कोनात वळून राहणं भाग पडलं, आणि त्या कोनात तो पीकेसीत बसेना. एबलमध्ये मात्र बसत राहिला. नको ते गळालं, हवं ते राहिलं. शेवटी पाण्यात विरघळावा म्हणून पिपराझिनचं शेपूट जोडलं, म्हणजे गोळीच्या रूपात पोटातून रक्तात जाईल.

अमेरिकेत ओरेगॉनमधले डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी हे औषध सीएमएलवर वापरून पाहावं म्हणून पाठपुरावा केला. १९९८ साली माणसांवरची चाचणी सुरू झाली. आधीचं औषध लागू न पडलेले, आजाराच्या पहिल्या टप्प्यातले ५४ रुग्ण रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेत होते. त्यांतल्या ५३ जणांचं रक्त पुन्हा नॉर्मल झालं. मे २००१मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

हे औषध इतकं नेमकं का चालतं, हे ज्यांनी ते बनवलं त्यांनाही तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. २०००मध्ये जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने इमॅटिनिबच्या जातीचा रेणू एबलमध्ये बसलेला असतानाची रचना दाखवली, तेव्हा उलगडा झाला. कायनेज चालू असताना सगळी सारखी दिसतात, कारण काम एकच. बंद असताना मात्र प्रत्येकाची अंग मुडपून बसायची तऱ्हा निराळी. एबल बंद स्थितीत असताना एटीपीच्या खाचेमागे आणखी एक कप्पा उघडतो. इमॅटिनिब खाचेतून शिरून त्या कप्प्यापर्यंत पसरतं आणि एबलला बंद स्थितीतच जखडून ठेवतं.

औषध घडवणाऱ्यांकडे आज आणखी एक हातखंडा आहे. काही मोजक्या कायनेजांत खाचेच्या काठावर सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, आणि सिस्टीनमधला गंधक योग्य रसायन जवळ आलं की त्याच्याशी कायमचा बंध बांधतो. खाचेच्या काठावरच्या एका ठरावीक जागी सिस्टीन असलेली कायनेजं पाचशेत जेमतेम दहा-अकरा आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगातलं ईजीएफआर त्यांत आहे, लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, गाठलं जाणारं बीटीके आहे, आणि जॅक-३ हे रोगप्रतिकारक पेशींतलं कायनेजही आहे. त्यामुळे ऑसिमर्टिनिब, इब्रुटिनिब आणि चाईवर २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं रिट्लेसिटिनिब, या तीन गोळ्या तीन वेगळ्या आजारांवर एकच युक्ती वापरतात.

### इतकी नेमकी आहेत, तर साइड इफेक्ट का होतात?

याची कारणं तीन प्रकारची आहेत आणि ती वेगळी ठेवलेली बरी.

पहिलं, औषध ठरवलेल्या कायनेजवरच बसतं, पण ते कायनेज चांगल्या पेशींनाही लागतं. ईजीएफआर त्वचेच्या आणि आतड्याच्या पेशींत रोजचं काम करतं, म्हणून ते अडवलं की अंगावर पुरळ येतं आणि जुलाब होतात. यात औषधाचा नेम चुकलेला नसतो. उपाय म्हणून पुढच्या पिढीची औषधं बिघडलेल्या ईजीएफआरला जास्त आणि धडधाकटाला कमी लागतील अशी घडवली गेली. ऑसिमर्टिनिब हे त्यातलंच.

दुसरं, औषध शेजारच्या कायनेजवरही बसतं. इब्रुटिनिब बीटीकेसाठी बनवलं, पण तीच सिस्टीन असलेल्या ईजीएफआरलाही ते थोडं लागतं. कधीकधी मात्र हे भलतीकडे बसणं वरदान ठरतं. इमॅटिनिब किट नावाच्या कायनेजलाही अडवतं. पोटात होणारा जिस्ट हा दुर्मीळ कर्करोग बहुतेकदा किटच्या बिघाडातूनच येतो, आणि २००२पासून इमॅटिनिब त्यावरही वापरलं जातं.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो सगळ्यात चमत्कारिक. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात बीरॅफ हे कायनेज बिघडतं. त्यावरचं वेमुराफेनिब २०११मध्ये आलं, आणि काही रुग्णांच्या मूळ गाठी वितळत असतानाच कातडीवर दुसऱ्या प्रकारच्या गाठी उगवू लागल्या. शोध घेतल्यावर कळलं की धडधाकट बीरॅफ जोडीने काम करतं. जोडीतल्या एकावर औषध बसलं की दुसरं उलट जास्तच चेकाळतं. आज बीरॅफच्या औषधासोबत त्याच साखळीतल्या पुढच्या कायनेजचं, मेकचं, औषध जोडून देतात. दोन औषधं घेतल्यावर त्या नव्या गाठी कमी होतात.

### छान गुण येत होता, मग गोळी चालेनाशी का झाली?

बहुतेक नातेवाइकांना वाटतं की शरीराला औषधाची सवय झाली. तसं नसतं. कर्करोगाच्या कोट्यवधी पेशी विभागताना चुका करत असतात. त्यांतल्या एखादीत खाचेच्या तोंडाशीच बदल होतो, औषध बसेनासं होतं, आणि बाकीच्या मरत असताना तिचा वंश वाढतो.

एबलमधला असा सगळ्यात कुप्रसिद्ध बदल म्हणजे टी-३१५-आय. प्रथिनाच्या साखळीत ३१५व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन येतं, आणि त्यासाठी डीएनएचं एकच अक्षर बदलावं लागतं. ही जागा मागच्या कप्प्याच्या दारातच आहे. थ्रिओनिनला इमॅटिनिब एका हायड्रोजन बंधाने धरून बसायचं. तो आधारही गेला, आणि वर आयसोल्युसिन अंगाने जाड असल्यामुळे दारच अडलं. एटीपीला त्या दारातून जायचंच नसतं, तेव्हा त्याचं काम बिनबोभाट चालू राहतं. इमॅटिनिबनंतर आलेली डासाटिनिब आणि निलोटिनिब इतर बऱ्याच बदलांवर चालली, पण इथे तीही थबकली.

यावर २०१२मध्ये आलेल्या पोनाटिनिबचा तोडगा बघण्यासारखा आहे. त्याच्या मधोमध दोन कार्बनचा तिहेरी बंध आहे, सरळसोट आणि सडपातळ. तेवढी काडी आयसोल्युसिनच्या अंगाला घसटून आत जाते. पण एवढ्या अरुंद वाटेने शिरू शकणारा रेणू इतर कायनेजांतही शिरतो. रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचं प्रमाण इतकं दिसलं की २०१३ साली अमेरिकेत काही आठवडे त्याची विक्री थांबवावी लागली, आणि नंतर कडक अटींवर ते परत आलं. २०२१मध्ये मंजूर झालेल्या ॲसिमिनिबने एटीपीच्या खाचेचा नादच सोडला. ते एबलच्या दुसऱ्याच बाजूला असलेल्या एका खळग्यात बसतं आणि तिथून एबलला बंद करतं. तसा खळगा फारच थोड्या कायनेजांना असल्यामुळे औषध भलतीकडे जाण्याची भीती कमी. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सगळ्यात देखणी चाल हीच.

### कॅन्सरच्या घराण्यातलं औषध सांधेदुखीला का?

कारण तिथेही अडवायचं आहे ते कायनेजच, फक्त दुसरं. सायटोकाइनचे इशारे पेशीच्या आत नेणारी चार कायनेजं आहेत: जॅक-१, जॅक-२, जॅक-३ आणि टीवायके-२. सुचलं ते एका दुर्मीळ आजारावरून. ज्या बाळांचं जॅक-३ जन्मतःच निकामी असतं त्यांची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच, पण बाकीचे अवयव ठीक असतात. मग हेच कायनेज औषधाने थोडंसं दाबलं तर? त्या विचारातून टोफासिटिनिब आलं आणि २०१२मध्ये आमवातासाठी मंजूर झालं.

प्रत्यक्षात ते जॅक-३पुरतं थांबत नाही, जॅक-१लाही जोरात अडवतं आणि जॅक-२ला थोडं. जॅक-२ अडलं की अडचण होते, कारण लाल पेशी बनवायचा इशारा त्याच्यामार्फत जातो आणि हिमोग्लोबिन उतरू शकतं. सुरुवातीला केलेला फरक इथे कामाला येतो. कर्करोगात दुसरा पर्याय मरणाचा असेल तर थोडा अशक्तपणा चालतो. आमवाताचा रुग्ण ही गोळी दहा-वीस वर्षं घेणार असतो, त्याला तीच तडजोड परवडत नाही.

ही भीती कागदावरची नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या सुमारे ४,३०० आमवाताच्या रुग्णांवर टोफासिटिनिबची तुलना जुन्या टीएनएफ-रोधक, म्हणजे टीएनएफ या सायटोकाइनला अडवणाऱ्या, इंजेक्शनांशी केली गेली. गोळीवाल्यांत हृदयाचे गंभीर विकार आणि कर्करोग, दोन्ही थोडे जास्त आढळले. २०२१मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातल्या आमवाताच्या गोळ्यांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. म्हणून वय, सिगारेट, हृदयाचा इतिहास, आधी झालेल्या गुठळ्या हे सगळं डॉक्टर विचारतात, आणि ते न लपवता सांगायचं असतं. तरुण आणि हे धोके नसलेल्या रुग्णाचं गणित त्या चाचणीतल्या लोकांहून वेगळं असतं. तेव्हा बातमी वाचून गोळी परस्पर बंद करण्यातही शहाणपणा नाही.

टीवायके-२वरचं ड्युक्रावासिटिनिब २०२२मध्ये सोरायसिससाठी आलं. या चारही कायनेजांना खऱ्या कायनेज-भागाशेजारी तसाच दिसणारा एक तोतया भाग असतो. तो फॉस्फेट चिकटवत नाही, खऱ्या भागावर फक्त लगाम ठेवतो. औषध खऱ्या भागाच्या खाचेकडे फिरकतच नाही, या तोतयावर बसून लगाम घट्ट ओढतं. तोतया भाग चौघांचे पुरेसे निराळे असल्यामुळे बाकीच्या तीन जॅकांना फारसा धक्का लागत नाही.

### आता एआय आहे, चुटकीसरशी होईल की!

काही प्रमाणात होतंय. फेब्रुवारी २०२०मध्ये बेनेव्होलंटएआय कंपनीच्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने चाळणी लावून कोविडसाठी बॅरिसिटिनिब सुचवलं. पुढे चाचण्यांत त्याचा फायदा दिसला आणि २०२२मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरीही मिळाली. पण ते तयार औषधाला नवं काम शोधून देणं होतं. कायनेजांच्या बाबतीत प्रथिनाचा आकार हा आता मोठा अडसर राहिलेला नाही. रचना ढिगाने उपलब्ध आहेत.

अडसर कुठे आहे ते पी-३८ या कायनेजने दाखवून दिलं. सूज वाढवण्यात त्याचा हात आहे हे १९९४पासून माहीत होतं. अनेक कंपन्यांनी त्याच्यावर नेमके बसणारे रेणू बनवले, प्राण्यांत ते छान चालले. आमवाताच्या रुग्णांना दिल्यावर रक्तातली सूज दाखवणारी सीआरपीची पातळी काही आठवडे उतरली आणि औषध चालू असतानाच पुन्हा चढली. काहींचं यकृतही बिघडलं. पेशींनी दुसरी वाट काढली होती. आमवातासाठी त्यातलं एकही औषध बाजारात आलं नाही. रेणू उत्तम होते, निवडलेलं कायनेजच निर्णायक नव्हतं, आणि हे माणसांवर चाचणी केल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

### गोळी जन्मभर घ्यायची का?

ही औषधं अडवतात, दुरुस्त करत नाहीत. आमवात किंवा चाईत गोळी थांबवल्यावर त्रास बऱ्याचदा परत येतो, कारण इशारे सोडणाऱ्या पेशी जागच्या जागीच असतात. घेत असताना पथ्यही सांभाळावं लागतं. यातल्या बऱ्याच औषधांचा निचरा यकृतातलं आणि आतड्यातलं एकच एन्झाइम करतं. ग्रेपफ्रूट हे फळ आणि काही अँटिबायोटिक्स ते एन्झाइम दाबतात, मग औषध रक्तात साचतं. डासाटिनिबसारख्या काही गोळ्या पोटातल्या आम्लाशिवाय नीट विरघळत नाहीत, त्यामुळे रोजची ॲसिडिटीची गोळी मुकाट्याने त्यांचा असर कमी करते.

सीएमएलमध्ये मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. काही वर्षं इमॅटिनिब घेऊन ज्यांच्या रक्तात बीसीआर-एबलचा मागमूसही राहिला नव्हता, अशा रुग्णांची गोळी फ्रान्समधल्या एका चाचणीत देखरेखीखाली बंद केली गेली. सुमारे ४० टक्के लोकांत आजार परतला नाही. ज्यांच्यात परतला त्यांच्यात बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच परतला, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो पुन्हा दबला. त्या ४० टक्क्यांतल्या काहींच्या शरीरात बिघडलेल्या मूळ पेशी अजूनही सापडतात. तरी आजार डोकं वर काढत नाही. का, यावर काम चालू आहे.